आबांचं दुकान आहे तिथंच राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या सोमवारच्या आपल्या अंकात आमच्या गावातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. बसथांब्याकडून घाटाला जाणाऱ्या रस्त्यावर मयताच्या सामानाचं जे दुकान आहे ते तिथून हलवावं, असं त्यात म्हटलं आहे. समोर आता मंगल कार्यालय झालं आहे, वरात निघताना नवरानवरीच्या नजरेला तिरडीचे बांबू पडतात, शाळेची पोरं तिथूनच जातात. तेव्हा त्या कुटुंबाला स्मशानभूमीच्या मागं जागा देऊन विषय संपवावा, अशी मागणी आहे. पत्र लिहिणाऱ्याला मी पहिलीत अक्षरं गिरवायला शिकवलं आहे. तो वाईट माणूस नाही. पण तो बरीच वर्षं पुण्यात आहे आणि गेल्या तीन पुरांत तो इथं नव्हता. मी होते. म्हणून हे उत्तर.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की भाविक स्नानाला धावतात आणि आम्ही गावातली माणसं धान्याची पोती माळ्यावर चढवायला लागतो. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही फुगल्या की आमच्याकडं पाणी नुसतं येत नाही, ते थांबतं. २००५ ला आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. ज्या दुकानाबद्दल तक्रार आहे त्याच्या आतल्या भिंतीवर या तिन्ही वर्षांच्या रेघा तेलरंगानं ओढलेल्या आहेत. २०१९ ची रेघ शटरच्याही वर आहे. स्मशानभूमी तर दुकानापेक्षा कितीतरी खाली, अगदी पात्राला लागून. तिच्या मागची जागा म्हणजे पहिल्या पाण्याला बुडणारी जागा.

हे दुकान बुरूड गल्लीतल्या एका कुटुंबाचं. त्यांच्या वडीलधाऱ्यांना सारं गाव आबा म्हणतं, मीही तेच म्हणते. आबांचे वडील सुपं, दुरड्या, पाट्या, कणग्या विणायचे. गावातल्या गुऱ्हाळांना, शेतकऱ्यांना, बाजारात बसणाऱ्या बायकांना लागणारी बांबूची प्रत्येक वस्तू त्यांच्या घरातून जायची आणि कुणाचं मयत झालं की तिरडीही त्यांच्याकडूनच यायची. पुढं प्लास्टिकची घमेली आली, पत्र्याची पिंपं आली, कणगी कुणाला नको झाली. तिरडीची गरज मात्र राहिली. मग आबांनी तिच्या जोडीला मडकी, कोरं कापड, सुतळी, गुलाल, बुक्का, कापूर असं सामान ठेवायला सुरुवात केली. शेणी आणि लाकूड ठेवायला मागं पत्र्याची शेड घातली. मंगल कार्यालय आलं ते अलीकडं, सहा वर्षांपूर्वी. दुकान माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथं आहे. मी या गावात सून म्हणून आले तेव्हा लग्नात वापरलेली दुरडी आणि सूप याच घरचं होतं. माझ्या दोन्ही मुलांना पाचवीला निजवलं तेही याच घरच्या सुपात. त्या वेळी या हातांचा कुणाला विटाळ झाला नव्हता.

बाहेर तिरड्या लटकवलेल्या असतात, असं पत्रात आहे. ते खरं नाही. बांबू बोळात उभे असतात. तिरडी आधी बांधून ठेवण्याची आबांची पद्धतच नाही. निरोप आल्यावर, माणसाची उंची विचारून, मगच ते बांबू काढतात आणि कामट्या बांधायला घेतात. दुकानाच्या पुढच्या बाजूला निळा पडदा आहे, तो शाळेची पोरं जातात म्हणूनच आबांच्या सुनेनं शिवलेला आहे. शाळा सुटायच्या वेळी ती तो स्वतः ओढते. मी त्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. मधल्या सुट्टीत तहान लागली की पोरं याच दुकानाच्या माठातलं पाणी प्यायची.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते सांगते.

माझ्या सासूबाई ८ ऑगस्ट २०१९ ला गेल्या. वय ब्याण्णव. त्या अंथरुणालाच खिळल्या होत्या म्हणून आम्ही घर सोडलं नव्हतं, माडीवर राहिलो होतो. खाली छातीएवढं पाणी. दिवे पाचव्या दिवशीही आले नव्हते. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली असल्यामुळं पुण्याचा थोरला मुलगा अडकलेला. त्याच सकाळी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटल्याची बातमी फोनवर आली होती, त्यामुळं कुणी कुणाला पाण्यात उतर म्हणायला धजत नव्हतं. सासूबाईंनी दुपारी एकच्या सुमाराला प्राण सोडला. माझ्या मिस्टरांनी आबांना फोन लावला. आबांचं दुकान तेव्हा पूर्ण पाण्याखाली होतं, ते मला माहीत होतं. कापडाचे तागे, पावणेदोनशे मडकी, शेडमधलं सगळं लाकूड गेलं होतं. ते स्वतः बायकामुलांसकट वरच्या आळीत एका जैन कुटुंबाच्या गच्चीवर होते. मिस्टर फोनवर एवढंच म्हणाले, “आबा, आई गेली.” पलीकडून उत्तर आलं, “मालक, दोन तास द्या. बाईंना सांगा, पानी गरम करून ठेवा.”

दोन तासांनी खरोखर माणसं आली. आबांचा मुलगा, नातू आणि गल्लीतले पाचजण. एका विजेच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोर बांधत बांधत ते आले. सोबत काहील. आमच्याच गुऱ्हाळाची काहील, जिच्यात आम्ही गूळ काढायचो, ती त्यांनी माळावरून ढकलत आणली होती. जुनी माणसं काहिलीतून नदी पार करायची, ते मी ऐकलं होतं, पाहिलं त्या दिवशी पहिल्यांदा. आणि काहिलीत बसून आली होती आबांची सून. मांडीवर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं हिरवं लुगडं आणि बांगड्या.

सासूबाई अहेव गेल्या. सासरे तेव्हा हयात होते, चौऱ्याण्णव वर्षांचे. अहेव बाईला न्हाऊ घालायचं, हळदीकुंकू लावायचं, हिरवं नेसवायचं, ओटी भरायची, हे घरातल्या आणि भावकीतल्या बायकांनी करायचं काम. त्या दिवशी घरात बाई म्हणून मी एकटी. मला आईंना एकटीनं उचलता येत नव्हतं. आबांच्या सुनेनं पदर खोचला आणि पाठीला हात घालून आईंना आपल्या अंगावर टेकवून घेतलं. लहान मुलीची घालावी तशी तिनं त्यांची वेणी घातली. ती हळू आवाजात आईंशी बोलत होती, “हां, आता दुसरा हात. झालं बगा.” माझं रडू तोवर दाबलं गेलं होतं, ते तिथं फुटलं.

खांदा द्यायला रस्ताच नव्हता. तिरडी काहिलीवर आडवी बांधली. सहाजण गळ्याएवढ्या पाण्यातून ती ढकलत निघाले, नातू पुढं पोहत खोली बघत होता. माळावर आमचं गुऱ्हाळघर आहे, तिथं पाणी पोचत नाही. लाकूड सगळं भिजलेलं. पण गुऱ्हाळघराच्या आढ्याखाली मागच्या हंगामाची चिपाडं कोरडी होती, आणि मळ्यातल्या बायकांनी आपापल्या गोठ्यातून शेणी आणून दिल्या. एकीनं तर पावसाळ्याच्या बेगमीच्या सगळ्या दिल्या, चुलीला एकही ठेवली नाही. आबा तोवर मागल्या वाटेनं तिथं येऊन थांबले होते. सत्तरीतला माणूस, गुडघ्यानं अधू. शेणी कशा रचायच्या, वारा आत कुठून शिरला पाहिजे, ते बोटानं दाखवत होते. वरून पाऊस पडत होता, म्हणून चार माणसांनी पत्रे धरले. मडकं नव्हतं, पुरात गेलेलं. मळ्यातल्या एका घरातली पाण्याची घागर उतरवली आणि मिस्टरांनी तिला तीन फेऱ्यांत तीन भोकं पाडून पाणी दिलं. संध्याकाळी सहाला अग्नी दिला. राख व्हायला पहाट झाली. तोवर आबांचा मुलगा आणि नातू तिथंच बसून होते. स्वतःच्या बुडालेल्या दुकानाचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही.

पाणी उतरल्यावर, चिखल काढून झाल्यावर, मिस्टर पैसे द्यायला गेले. आबांची एक रीत आहे: दहाव्याच्या आधी पैशाचं नाव काढायचं नाही, कुणी दिले तरी घ्यायचे नाहीत. त्यांनी वहीत बघून सांगितलं, अकराशे रुपये. लुगडं, बांगड्या, बांबू. माणसांच्या मजुरीचं विचारलं तर म्हणाले, “पानी सगळ्यांचंच हुतं की.”

पुण्यातला माझा मुलगा सांगतो, शहरात आता कंपन्या आहेत, फोन केला की शववाहिका, भटजी, फुलं, दाखला सगळं एका रकमेत. असेल. ज्याला घरात माणूस नाही त्याला त्याची गरज असेल, मी नावं ठेवत नाही. पण ती कंपनी पुराच्या पाण्यात काहील घेऊन येणार आहे का, हे गावानं ठरवायच्या आधी विचारून घ्यावं.

आणि या कुटुंबाला काय काय ठाऊक असावं लागतं, तेही लोकांनी बघावं. आमचा तालुका जैन, लिंगायत, मराठा, धनगर, मुस्लिम, बौद्ध अशा सगळ्यांचा. लिंगायताचं मयत बसवून न्यायचं असतं, त्याला बांबूचं विमान लागतं. विभूती आणि बेल लागतो, आणि खड्डा आधी खणून तयार असावा लागतो. वारकऱ्याला बुक्का आणि तुळशीची माळ. मुस्लिम घरात कफनाला पुरुषाला तीन आणि बाईला पाच कापडं, सोबत कापूर आणि अत्तर. डोली मशिदीतून येते, कापड बहुतेक वेळा आबांकडून जातं. बौद्ध घरी पांढरं कापड आणि मेणबत्त्या. घरातला तरणा मुलगा गेलेला असतो, बाप भानावर नसतो. अशा वेळी त्याला काहीही विचारायला न लावता हे सगळं बिनचूक पोचतं. मी इतकी वर्षं बघते आहे, कुणाच्या घरी चुकीचं सामान गेल्याचं ऐकलं नाही. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते, हे आमच्या गावात निम्म्या लोकांना आबांच्या नातवानं सांगितल्यावर कळलं आहे. तो एका कागदावर लिहूनच देतो, कुठली कागदपत्रं, कुणाकडं.

त्या दुकानातून निघताना कुणी “येतो” म्हणत नाही आणि आतून कुणी “या” म्हणत नाही. सामानाला घासाघीस होत नाही. या दोन गोष्टी गावानं न शिकवता पाळल्या आहेत. ज्याला पैसे जमत नाहीत त्याचं नाव आबा वहीत लिहितच नाहीत. मला हे कसं कळलं? कोरोनात, २०२१ च्या उन्हाळ्यात, एका मयताच्या सामानाचे पैसे मी द्यायला गेले होते, आमच्या शाळेच्या जुन्या शिपायाच्या. वही उघडून दाखवली तर ते पान कोरं. त्याच वेळी माळ्याकडं लक्ष गेलं. तिथं पांढऱ्या कापडात बांधलेली अकरा गाठोडी खुंट्यांना टांगलेली होती, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. घरची माणसं दवाखान्यात किंवा विलगीकरणात होती, म्हणून आबांच्या मुलानं अस्थी गोळा करून त्यांची वाट बघत ठेवल्या होत्या. दोन महिन्यांनंतर त्यातली शेवटची नेली गेली. जुलैत पुन्हा पूर आला. त्याच्या आदल्या दिवशी.

आता नातवाबद्दल. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. सत्तावीस वर्षांचा आहे, आयटीआयला वायरमनचा कोर्स पहिल्या वर्गात पास झाला. बाहेरगावचे नातेवाईक पोचेपर्यंत देह ठेवायची गार पेटी त्यानं कर्ज काढून आणली आणि लाईट गेली तर म्हणून तिला बॅटरी स्वतः जोडली. निर्व्यसनी. त्याच्यासाठी तीन स्थळं आली आणि तिन्ही मोडली. तिसऱ्या वेळी मी स्वतः मध्यस्थ होते. मुलीकडच्यांनी घर बघितलं, मुलगा बघितला, चहा घेतला नाही. नंतर निरोप आला, मुलगा धंदा सोडणार असेल तर पुढं बोलू. मी त्याला विचारलं, सोडतोस का? जयसिंगपुरात वायरमनचं काम सहज मिळेल तुला. तो म्हणाला, “सोडतो की बाई. मग रात्री दोनला फोन कुणाला लावत्यात ते तेवढं गावानं ठरवावं.” त्याचा राग मला रास्त वाटतो.

त्याची आई, जिच्या हातांनी माझ्या सासूबाईंना शेवटचं न्हाऊ घातलं, तिला गावात हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. मी दर संक्रांतीला बोलावते. गेल्या वर्षी ती आल्यावर तिघी बायका वाण न घेता उठून गेल्या. त्यातल्या एकीच्या नणंदेला तिनंच नेसवलं होतं, आदल्याच महिन्यात. ती हे सगळं बघत होती, पण काही बोलली नाही. तिळगूळ घेतला आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन कपबशा विसळायला लागली. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आज मी हे पत्र लिहिते आहे त्याला ते पत्र जितकं कारण आहे तितकंच हेही आहे.

कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कारासाठी पैसे घेत नाही, आणि होळीच्या दिवसांत लोक तिथं शेणी दान करतात. होळी लहान करा आणि शेणी स्मशानाला द्या, असं तिथली मंडळं सांगतात. एवढ्या मोठ्या शहराला जे जमतं ते आमच्या गावाला का जमू नये? शेणी ठेवायला उंचावर कोरडी जागा हवी, एवढीच अडचण आहे. आबांच्या मागच्या शेडमध्ये दर पुराला सगळं जळण भिजतं आणि तो तोटा ते एकटे सोसतात.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत दुकान हलवण्याचा विषय घेणार असल्याचं कळतं. तिथं मी उभी राहून बोलणार आहे. माझं म्हणणं असं आहे: दुकान आहे तिथंच राहावं. रात्री-अपरात्री माणूस बसथांब्यावर उतरला तरी त्याला ते सापडतं. मंगल कार्यालयाच्या मालकांना पडदा अपुरा वाटत असेल तर त्यांनी आपल्या बाजूला भिंत बांधावी. आणि ज्या कुणाला स्मशानामागची जागा योग्य वाटते, त्यांनी एकदा आषाढात तिथं येऊन उभं राहावं. पाणी कुठवर येतं ते मी दाखवीन.

माळावरचं आमचं गुऱ्हाळघर त्या पुरानंतर बंद झालं. मिस्टरही आता नाहीत. मुलांशी बोलून मी ते घर शेणी आणि लाकूड ठेवायला आबांच्या कुटुंबाला दिलं आहे, भाडं घेणार नाही. मधल्या खोलीचे सात पत्रे गळतात, ते वळवाच्या आधी बदलून घ्यायचे आहेत. या होळीला ज्यांना शेणी द्यायच्या असतील त्यांनी थेट तिथं आणून द्याव्यात. किल्ली आबांच्या सुनेकडं आहे. काहील मी विकलेली नाही, ती तिथंच दाराशी पालथी घातलेली आहे.

ग्रामसभेच्या आधी हे पत्र छापलंत तर उपकार होतील.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)